ग्रंथपरीक्षण : सुरांची रोजनिशी

बीटल्स या इंग्रज रॉक बँडच्या १९६२ ते १९७० पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांची तारीखवार नोंद मार्क लुइसन यांनीं १९८८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. कोणतें गीत किती प्रयत्नांनीं साधलें, कोणतें वाद्य मागाहून भरलें, हें तींत पाहावें. ‘दि इनर लाइट’चें वाद्यसंगीत १९६८ च्या जानेवारींत मुंबईस भारतीय वादकांनीं वाजविलें व जॉर्ज हॅरिसन यांचा आवाज फेब्रुवारींत लंडन येथें त्यावर चढला.

सलग वाचणारास ही जंत्री रुक्ष वाटेल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु अशा रुक्षतेचें मोल अंबाजोगाईकरांस सांगावयास नको. तेथील दासोपंतांनीं (जन्म १५५१) चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहिलेलीं अक्षरें टिकलीं. ‘पदार्णवां’तील पदेंहि वाचावयास मिळतात. पण तीं पदें ते स्वतः कशीं गात, हें आज कोण सांगणार? रागाचें नांव राहतें, रूप काळाबरोबर पालटतें.

आमच्या गांवोगांवच्या भजनी मंडळांच्या जुन्या चाली जाणणारे वृद्ध गायक अद्यापि हयात आहेत. तेवढ्यांत कोणी वही घेऊन त्यांच्याजवळ बसेल, तर हा परका ग्रंथ आम्हीं वाचल्याचें सार्थक होईल.