ओळख पटण्याआधीच वाचलेली माहिती

नागपुरात एमटेकचे प्रोजेक्ट रिपोर्ट चाळताना ‘सिक्युअर लॉगिन’ नावाचं प्रकरण मला हटकून भेटतं. जावा, स्प्रिंग सिक्युरिटी, बीक्रिप्ट, दोन फ्लोचार्ट. पासवर्डवर चार पानं असतात. तो तपासताना डेटाबेसमधून आणखी काय काय उचललं जातं, यावर एक ओळ नसते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर रिपोर्ट वाचताना ती ओळ आधी शोधा.

क्रम नीट बघा. पासवर्ड पडताळायचा तर साठवलेला हॅश लागतो. म्हणून स्प्रिंग आधी युजरनेमवरून नोंद मागवतं आणि मग पासवर्ड जुळतो का ते पाहतं. म्हणजे नोंद वाचली जाते तेव्हा समोरचा कोण आहे हे ठरलेलंच नसतं! फ्रेमवर्कसोबत येणारा जेडीबीसीचा तयार क्लास अशा वेळी तीनच रकाने मागतो: युजरनेम, पासवर्ड, खातं चालू आहे की बंद. अधिकार वेगळ्या टेबलातून, वेगळ्या क्वेरीने येतात. हा कंजूषपणा मला आवडतो.

आपण काय करतो? ‘विद्यार्थी’ टेबलाच्या एन्टिटी क्लासलाच यूजरडिटेल्स इंटरफेस लावून मोकळे होतो. आता कुणाचाही रोल नंबर टाकून चुकीचा पासवर्ड दिला, तरी त्याचा प्रवर्ग, पालकांचं उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खातं, जे काही त्या टेबलात असेल ते सर्व्हरच्या मेमरीत येतं. हल्लेखोराला ते दिसत नाही, कबूल. पण त्या क्लासवर लोम्बोकचं डेटा अ‍ॅनोटेशन असलं आणि कुणी डीबगिंगसाठी तो ऑब्जेक्ट छापला, की सगळी ओळ लॉग फाइलमध्ये. स्प्रिंगचा स्वतःचा यूजर क्लास छापताना पासवर्ड झाकतो. शिवाय तो क्रेडेन्शियल्स-कंटेनर इंटरफेस पाळतो, त्यामुळे लॉगिन झाल्यावर त्यातला हॅश पुसला जातो. तुमच्या एन्टिटीने तो इंटरफेस पाळला नाही, तर हॅश सेशनमध्ये तसाच बसून राहतो. बीक्रिप्टवर चार पानं लिहिणाऱ्याने हेच सोडावं, म्हणजे कमालच!

जावातली जुनी सोय याबाबतीत शहाणी आहे. जेडीके 1.4 पासून जावासोबतच येणाऱ्या ‘जास’मध्ये लॉगिन आणि कमिट हे दोन टप्पे वेगळे असतात, आणि कमिट एकूण पडताळणी यशस्वी झाल्यावरच चालतं. विभाग, भूमिका वगैरे वाचायची जागा ती.

29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या व्यवस्थेवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे. पण साध्या पडताळणीला तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर मिळतं. नाव, पत्ता, फोटो हवा असेल तर ई-केवायसी ही वेगळी सेवा घ्यावी लागते. दोन प्रश्न वेगळे आहेत, हे एवढ्या मोठ्या व्यवस्थेला मान्य आहे. आपल्या पाचशे विद्यार्थ्यांच्या पोर्टलला मात्र नाही.

तुमचे गाईड ‘यात नवीन काय मोजणार?’ असं विचारतीलच. खोटा डेटा भरलेलं एखादं मुक्त-स्रोत पोर्टल घ्या, क्वेरी लॉग चालू करा, शंभर चुकीची लॉगिन द्या आणि कोणकोणते रकाने वाचले गेले ते मोजा.