अश्वपरीक्षेच्या पोथ्या व शिंगराचें भाकीत

अश्वलक्षण, अश्वपरीक्षा, शालिहोत्र अशा नांवांच्या पोथ्या हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवीन नाहींत. एखाद्या जुन्या घराण्याचें दप्तर उलगडलें म्हणजे वैद्यकाच्या अगर ज्योतिषाच्या बाडांत पांचपंचवीस पानांची अशी पोथी कित्येकदां निघते. तींत चित्रें असलीं तर मालक ती रेशमी रुमालांत जपून ठेवितो. अशा पोथीचा परिचय करून देतांना ‘मराठ्यांच्या अश्वपैदाशीचें शास्त्र’ असें तिचें वर्णन करण्याचा मोह पुष्कळांस होतो. हें वर्णन चुकीचें आहे. एवढेंच नव्हे, तर त्यामुळें पैदाशीचा खरा पुरावा ज्या कागदांत असण्याचा संभव आहे, ते कागद बाजूस पडतात, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम ग्रंथ काय सांगतात तें पाहूं. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत अश्वलक्षणास निराळा अध्याय दिला आहे. अवयवांची शुभाशुभता, दांतांवरून वय ओळखण्याची रीत, आणि दहा ध्रुव आवर्त, म्हणजे घोड्याच्या अंगावरील दहा कायमचे भोंवरे, असे त्यांतील विषय आहेत. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाचें अश्वचिकित्सित हीं दोन्ही १८८६-८७ च्या सुमारास कलकत्त्यास छापून निघालीं. लक्षणें आणि रोग हींच तेथेंहि मुख्य. विद्या फारसींत व उर्दूंत गेली तरी तिचा घाट बदलला नाहीं. सआदत यार खान रंगीन यानें १७९५ सालीं फरसनामा रचिला, आणि फिलॉट यानें त्याचें इंग्रजी भाषांतर १९११ सालीं प्रसिद्ध केलें. रंगीन हा स्वतः शिपाईगिरी व घोड्यांचा व्यापार केलेला गृहस्थ. तरी भोंवऱ्यांचें प्रकरण त्यानेंहि तितक्याच आस्थेनें लिहिलें आहे.

ह्या सर्व ग्रंथांतला घोडा वाचकापुढें तयार उभा आहे, आणि त्याच्यापुढें कमरेस कसा बांधलेला मनुष्य उभा आहे. जनावर निरोगी आहे काय, त्याचें वय विकणारा सांगतो तेवढेंच आहे काय, आणि तें आपल्या घरास लाभेल काय, एवढें त्या मनुष्यास हवें असतें. रोगांचें प्रकरण, दांतांचें प्रकरण आणि भोंवऱ्यांचें प्रकरण हीं अनुक्रमें ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें होत. ज्याच्या दारांत घोडी आहे त्याचे प्रश्न अगदीं निराळे. तिला कोणता नर दाखवावा, होणारें शिंगरूं किती उंच भरेल, रंग कोणाचा घेईल, पाय बापाचे येतील कीं आईचे, हें त्यास जाणावयाचें असतें. ह्या प्रश्नांस पोथ्यांत जी जागा मिळते ती भोंवऱ्यांस मिळालेल्या जागेच्या मानानें नगण्य आहे. सारांश, ह्या पोथ्या खरेदीदाराच्या आहेत, पैदास करणाराच्या नव्हेत. शिंगराच्या खुराच्या वरच्या कडेपासून गुडघ्यापर्यंत दोरी धरून पुढील उंची वर्तविण्याचा जो नेम अनेक देशांतील घोडेवाले पाळीत आले, त्याला निदान शरीराचा आधार आहे. कारण शिंगरूं जन्मतें तेव्हां त्याचें वजन वाढलेल्या घोड्याच्या दशांशाइतकेंच असतें, परंतु पाय पुष्कळसे आपली लांबी गांठून आलेले असतात. भोंवऱ्यास असा कांहीं आधार नाहीं.

खरेदीदाराची ही दृष्टि खानदेशांत आजहि जिवंत आहे. तापीकांठीं सारंगखेडें येथें मार्गशीर्षांत दत्ताच्या यात्रेस घोड्यांचा जो बाजार भरतो, त्यांत भोंवरा पाहिल्याशिवाय सौदा पुढें जात नाहीं, आणि पंचकल्याण म्हटल्याबरोबर भाव चढतो. त्यास आमची हरकत नाहीं; बाजार बाजाराच्या रीतीनें चालावयाचा. संशोधकानें मात्र बाजाराची भाषा ही पागेची भाषा समजूं नये.

प्राचीन पुराव्याचीहि हीच गत होते, आणि त्याचें उत्तम उदाहरण चाळीसगांवाजवळच आहे. गांवापासून दहाअकरा मैलांवर सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटण येथें शके ११२८ चा जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला, तो वाचकांस ठाऊक आहेच. भास्कराचार्याचा नातू चांगदेव यानें आजोबाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापिलेल्या मठास निकुंभ सोइदेवानें दिलेल्या दानाचा तो लेख होय. त्याच्या मराठी भागांत ‘असुपाठी’ असा शब्द आहे. तो अश्वपृष्ठावरून, म्हणजे घोड्याच्या पाठीवरील ओझ्याच्या अर्थीं, लावण्यासारखा आहे. तसा लावला तरी तेथें घोडा दिसतो तो पेठेंतला, आणि कर आहे तो ग्राहकापासून घ्यावयाचा. पैदाशीविषयीं लेख अर्थातच मुका आहे.

ज्या ग्रंथांच्या अध्ययनास तो मठ होता त्यांपैकीं बीजगणितांत, म्हणजे शके १०७२ च्या सिद्धांतशिरोमणीच्या एका भागांत, घोड्यांचें एक उदाहरण आहे. चार असामींजवळ अनुक्रमें ५, ३, ६, ८ घोडे. २, ७, ४, १ उंट. ८, २, १, ३ खेचरें. आणि ७, १, २, १ बैल आहेत, आणि चौघांचें धन समान आहे. तर प्रत्येक जनावराची किंमत काय? उत्तर येतें तें घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ आणि बैल ४. प्रत्येकाचें धन ८५३. ह्यावरून बाराव्या शतकांतील दक्षिणेंत घोड्याची किंमत बैलाच्या एकवीसपट होती, किंवा संकरज खेचर घोड्याच्या तिसऱ्या हिश्श्यास मिळे, असें अनुमान काढण्याचा मोह कोणासहि होईल. तो आवरला पाहिजे. तीं प्रमाणें आचार्यानें घेतलेल्या जनावरांच्या संख्यांतून निघतात, बाजारांतून नव्हे. आणि उत्तराच्या दुप्पट, तिप्पट संख्या घेतल्या तरी उदाहरण तितकेंच सुटतें. ह्या उदाहरणावरून निश्चित एवढेंच ठरतें कीं, खेचर ही घोड्याहून वेगळी, नित्य व्यवहारांतली जिन्नस होती. खेचराच्या संततीविषयींचें भाकीत प्राचीनांस चांगलें ठाऊक होतें. अश्वतरीचा गर्भ तिच्या नाशास होतो ही समजूत संस्कृत वाङ्मयांत जुनी आहे. घोड्याचीं गुणसूत्रें ६४, गाढवाचीं ६२ आणि खेचराचीं ६३, ही विषम संख्या त्या वांझपणाच्या मुळाशीं आहे, हें अलीकडे कळलें.

आतां संकराच्या जातींविषयीं. आइने अकबरींत अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी, जंगला, टट्टू अशी उतरंड दिली आहे. त्यांपैकीं याबू म्हणजे तुर्की घोडा व हलक्या जातीची घोडी यांची प्रजा, असें अबुल फजल सांगतो. ही नांवें वंशावळीचीं दिसतात, पण तीं मुख्यतः दर्जाचीं व तनख्याच्या हिशेबाचीं आहेत. कच्छी घोड्याविषयीं तर फुटलेल्या अरबी गलबतांतून सात निवडक घोडे किनाऱ्यास लागले व त्यांपासून ही जात झाली, अशी गोष्ट तो ऐकीव म्हणूनच देतो. मार्को पोलो ह्याच्या उलट टोंकास गेला आहे. माबारांत उत्तम घोडीस उत्तम घोडा दाखविला तरी वांकड्या पायांचें निरुपयोगी शिंगरूंच होतें, असें तो ठासून लिहितो. परंतु घोड्यांचे व्यापारी आपल्याबरोबर नालबंद आणीत नाहींत, म्हणजे जनावरें लवकर मरून नवा गिऱ्हाईक होतो, हेंहि तोच लिहितो. देशी पैदास होऊंच शकत नाहीं ही बातमी ज्यांच्या फायद्याची, त्यांच्याच तोंडून ती त्याच्या कानीं गेली असावी असा आम्हांस संशय येतो.

भीमथडी घोड्याची कथा ह्याच वर्गांत बसते. अरबी व तुर्की नर आणि भीमेकांठच्या देशी घोड्या यांच्या संकरांतून मराठ्यांचें हें चपळ, कांटक जनावर झालें, असें सर्वत्र सांगितलें जातें. २०२३ सालीं कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. कथा असंभाव्य नाहीं. पण तिच्यासाठीं अश्वपरीक्षेच्या पोथीचा आधार देणें म्हणजे आधार न देणेंच होय. सभासद शिवछत्रपतींच्या पागेची रचना सांगतो, पंचवीस घोड्यांमागें पखालजी व नालबंद सांगतो, पण नर घोडा कोणता व घोड्या कोणत्या हें सांगत नाहीं. मौनावरून निर्णय करूं नये हें खरें. तरी शोध दुसरीकडे करावयास हवा एवढें तें मौन सुचवितें.

तो शोध पागेच्या याद्यांत व घोड्यांच्या चेहऱ्यांत केला पाहिजे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, आणि तो कामीं आला तर भरपाईचा प्रश्न येई. म्हणून रंग, खुणा, वय, किंमत यांची नोंद सरकारास व शिलेदारास दोघांसहि हवी असे. अशा कागदांवर कोठें ‘घोडी व्याली’ अशी नोंद आईबापांच्या रंगांसह मिळाली, तर ती पारखण्याचें साधन आज आपल्या हातीं आहे. हर्स्ट यानें १९०६ सालीं इंग्रजी शर्यती घोड्यांच्या वंशपुस्तकांवरून दाखविलें कीं सुरंग नर व सुरंग घोडी यांचें शिंगरूं सुरंगच होतें. उलट दोन कुमाईतांस सुरंग होऊं शकतें. सब्जा रंगाचा नियमहि असाच कडक आहे. आईबापांपैकीं एक तरी सब्जा असल्यावांचून शिंगरूं सब्जा होत नाहीं, आणि त्याचें आनुवंशिक कारण २००८ सालीं निश्चित झालें. म्हणून दोन सुरंगांस कुमाईत शिंगरूं झाल्याची नोंद मिळाली तर नर दुसरा होता, किंवा कारकुनाचा शब्द वेगळ्या अर्थाचा होता, किंवा यादी मागाहून जुळविलेली आहे, ह्या तिहींपैकीं एक मानावेंच लागेल.

ह्याच नियमाची दुसरी बाजू याद्या वाचणारांच्या अधिक उपयोगी आहे. सब्जा घोडा सब्जा जन्मत नाहीं. तो मुश्की, कुमाईत अगर सुरंग जन्मतो, आणि वर्षागणिक पांढरा होत जाऊन सहाआठ वर्षांनीं ओळखूं येईनासा होतो. तेव्हां एकाच पागेच्या दहा वर्षांच्या अंतराच्या दोन याद्यांत पहिलींत मुश्की शिंगरूं व दुसरींत सब्जा घोडा आढळला, तर ते दोन घोडे धरून एक विकत आणला असें लिहिण्यापूर्वीं थांबावें. अंगावरील पट्ट्यांचेंहि असेंच. काठेवाडी घोड्यास पट्टे इतके सर्रास असतात कीं ते नसले तर जात शुद्ध मानीत नाहींत, असें कर्नल पूल याच्या सांगण्यावरून डार्विननें १८५९ सालीं नमूद केलें. शिंगरांत ते ठळक असतात व वयाबरोबर पुसट होतात. पट्टे हे पूर्वींच्या एखाद्या नराच्या संगाचे अवशेष, अशी लॉर्ड मॉर्टनच्या घोडीवरून १८२१ नंतर युरोपांत उठलेली कल्पना यूअर्ट यानें १८९९ पर्यंत झेब्र्यांवर प्रयोग करून निकालांत काढली. म्हणून ‘पट्टेदार शिंगरूं’ ह्या दोन शब्दांवरून संकराचा इतिहास रचूं नये.

येथें पोथ्यांचा खरा उपयोग लागतो. भोंवरा भविष्य सांगत नाहीं, पण जन्मभर बदलत नाहीं. म्हणूनच आजहि जगभर घोड्यांच्या ओळखपत्रांत भोंवऱ्यांच्या जागा लिहितात. रंग बदललेला घोडा चेहऱ्यांतील भोंवऱ्यांवरून ओळखतां येतो, आणि त्या भोंवऱ्यांचीं नांवें समजावयास पोथीच उघडावी लागते. पोथी व यादी हीं एकाच घरचीं असतील तर उत्तम. दुर्दैवानें होतें असें कीं चित्रांची पोथी कपाटांत राहते किंवा चांगल्या किंमतीस जाते, आणि तिच्या शेजारचें मोडी याद्यांचें रुमाल रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतें. चाळीसगांव, पारोळें, एरंडोल ह्या बाजूच्या ज्या गृहस्थांकडे अशीं रुमालें असतील त्यांनीं तीं न सोडवितां, जशीं बांधलीं आहेत तशींच, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेस दाखवावीं. कागदांचा क्रम मोडला कीं सालवारी गेली, आणि सालवारीवांचून वरील एकहि कसोटी लागू पडत नाहीं.

एक अडचण मात्र राहते. सुरंग म्हणजे अंग तांबडें व आयाळहि तांबडी, कुमाईत म्हणजे अंग तांबडें पण आयाळ, शेंपूट व पाय काळे, असा भेद वर आम्हीं धरला आहे. बोर, समंद, गर्रा हे शब्द मात्र ठिकाणोठिकाणीं वेगळ्या रंगांस लावलेले दिसतात, आणि एकच कारकूनहि ते सदा एकाच अर्थानें वापरीत असेल असें धरतां येत नाहीं. ज्या चेहऱ्यांत रंगाच्या नांवाबरोबर आयाळीचा रंग निराळा लिहिला आहे तेवढेच प्रथम वेगळे काढून त्यांवरून शब्दार्थ ठरवावेत. बाकीच्या याद्यांस हात त्यानंतर घालावा.