जॉन चाचाचे आडनाव

एखाद्या समाजाने आपल्या जीवनावरचे चित्रपट निवडावेत, चार-आठ दिवस एकत्र बसून ते पाहावेत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यासाठी बोलवावे, ही कल्पना मोठी सुंदर आहे. ज्यू समाजाने ती निष्ठेने राबविली. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे ज्यू चित्रपटांचा पहिला महोत्सव भरला आणि पुढे अनेक देशांतील शहरांनी त्याचे अनुकरण केले. या महोत्सवांतून युरोपातील छळछावण्यांच्या कथा येतात, परागंदा झालेल्या कुटुंबांच्या कथा येतात, त्याचप्रमाणे दुःखालाही हसून सामोरे जाणाऱ्या ज्यू विनोदाच्या कथा येतात.

असा महोत्सव उद्या आपल्या भिवंडीत भरवायचा म्हटले तर? प्रश्न ऐकून कोणी हसेल. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या या गावाचा आणि ज्यूंचा संबंध काय, असेही विचारील. परंतु भिवंडीहून निघून कशेळीची खाडी ओलांडली की ठाणे लागते आणि त्या ठाण्यात १८७९ साली बांधलेले ‘शार हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे बेने इस्रायली सिनेगॉग आजही उभे आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज या भूमीत आले, अशी या समाजाची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांची मातृभाषा मराठी झाली. गावांची नावे त्यांची आडनावे झाली. चौलचे ते चेऊलकर, पेणचे ते पेणकर. एलिया संदेष्टा आपल्याला कार्मेल पर्वतामुळे ठाऊक. हे लोक त्याच्या नावाने मलिदा करतात आणि त्या ताटात आपले कोकणातले पोहे असतात. इस्रायलच्या स्थापनेनंतर यांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आज भारतात काही हजार माणसे उरली आहेत.

तेव्हा महोत्सव भरवायचा तर चित्रपट कोणते निवडावेत? परदेशातील यादी मागवून काम भागेल. पण त्यातून आपल्या अंगणातला ज्यू आपल्याला दिसणार नाही. मी माझ्यापुरती चार हिंदी चित्रपटांची निवड केली आहे: ‘यहुदी’, ‘बूट पॉलिश’, ‘ज्यूली’ आणि ‘बातों बातों में’. या चारांतील एकाच चित्रपटात ज्यू पात्र ज्यू म्हणून समोर येते आणि ते एका पारशी नटाने केले आहे. उरलेल्या तिहींत ज्यू कलावंत आहेत. पण त्यांनी उभी केली आहेत ती ख्रिस्ती माणसे. म्हणजे या महोत्सवात ज्यूंना पाहायला बसलेल्या ख्रिस्ती प्रेक्षकाला वारंवार स्वतःचाच चेहरा दिसेल. ही अदलाबदल कशी झाली आणि तिच्यात कोणाचे काय हरवले, हेच मला येथे पाहायचे आहे.

आरंभ ‘यहुदी’पासून करू. बिमल रॉय यांचा हा चित्रपट १९५८चा. आगा हश्र काश्मिरी यांच्या ‘यहुदी की लडकी’ या गाजलेल्या उर्दू नाटकाचा त्याला आधार आहे. त्याच नाटकावर १९३३ साली न्यू थिएटर्सनेही बोलपट काढला होता. कथा रोमन साम्राज्यातली. रोमन अधिकारी ब्रूटस याच्या हुकमाने एझ्रा या ज्यू जवाहिऱ्याच्या कोवळ्या मुलाचा बळी जातो. पुढे ब्रूटसचीच मुलगी एझ्राच्या घरी येते आणि त्याची कन्या हन्ना म्हणून वाढते. रोमचा राजपुत्र ज्यूच्या वेशात तिच्यावर प्रेम करतो. अखेरीस बाप-लेकींना मृत्युदंड होतो आणि त्या घटकेला एझ्रा तिच्या जन्माचे रहस्य उघड करतो.

कलाकृती म्हणून ‘यहुदी’ पहिल्या प्रतीचा नव्हे. ‘दो बिघा जमीन’ काढणारे बिमल रॉय येथे शोधूनही सापडत नाहीत. रोम नगरी रंगमंचावरच्या पडद्यासारखी दिसते आणि रोमन झग्यात दिलीपकुमार अवघडून गेले आहेत. सोहराब मोदींचा एझ्रा मात्र लक्षात राहतो. त्यांची पल्लेदार भाषणे पारशी रंगभूमीची आहेत. पण मुलाच्या मारेकऱ्याची मुलगी पोटाशी धरताना सूड आणि वात्सल्य यांची जी ओढाताण त्यांच्या मुद्रेवर दिसते, ती भाषणांच्या पलीकडची आहे.

आपल्या वाचकांनी या कथेचे मूळ जाणून घ्यावे. धागा मागे नेला तर तो १८३५ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘ला ज्युईव्ह’, म्हणजे ‘ज्यू तरुणी’, या संगीतिकेपाशी पोहोचतो. तीत स्थळ रोम नाही. स्थळ आहे कॉन्स्टन्स नगर, साल १४१४, आणि प्रसंग ख्रिस्तमंडळाच्या धर्मपरिषदेचा! मुलीचा खरा पिता तेथे कार्डिनल आहे. ज्यू सोनाराचा छळ करणारे ख्रिस्ती आहेत. कथा इंग्रजीतून उर्दूत उतरली तेव्हा ख्रिस्ती जाऊन मूर्तिपूजक रोमन आले. हिंदी चित्रपटात मुलगी वाचते. मूळ संगीतिकेत रहस्य उघड होईतो तिचा प्राण गेलेला असतो. कार्डिनलला मुलगी सापडते आणि त्याच क्षणी ती त्याने गमावलेली असते.

ब्रिटिश अंमलात वावरणाऱ्या नाटक मंडळ्यांना हा बदल सोयीचा वाटला असेल. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपण मात्र ‘यहुदी’ पाहताना रोमनांना शिव्याशाप देऊन मोकळे होऊ नये. गोव्याच्या धर्मन्यायालयाने गार्सिया द ओर्ता या ज्यू वंशाच्या थोर वैद्याची हाडे, त्याच्या मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० साली उकरून जाळली. त्या वेळी वसई आणि चौल त्याच पोर्तुगीज सत्तेखाली होते. पवित्र शुक्रवारच्या लॅटिन प्रार्थनेत ज्यूंना विश्वासघातकी ठरविणारे विशेषण होते आणि आपल्या आजी-आजोबांनी ते ऐकले आहे. तेविसावे पोप जॉन यांनी ते विशेषण काढून टाकले १९५९ साली, म्हणजे ‘यहुदी’नंतर वर्षभराने. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व ज्यूंवर लादता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. पुढे १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांनी ज्यूंना थोरल्या भावांचा मान दिला. हे सारे ठाऊक असलेल्या माणसाने ‘यहुदी’ पाहिला की त्यातला ब्रूटस थोडा ओळखीचा वाटू लागतो.

आता उलट बाजू पाहू. प्रकाश अरोरा दिग्दर्शित आणि राज कपूर निर्मित ‘बूट पॉलिश’ १९५४चा. अनाथ भाऊ-बहीण, त्यांना भीक मागायला लावणारी निर्दय काकू, आणि भीक मागू नका, कष्ट करून खा, असे सांगणारा वस्तीतला जॉन चाचा. हा जॉन चाचा म्हणजे डेव्हिड. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जॉन चाचाची मुठींविषयीची गाण्यातली शिकवणी कोणत्या घरात ठाऊक नाही? पण हा चाचा पोट भरतो ते चोरटी दारू विकून आणि त्यापायी तुरुंगातही जातो. ख्रिस्ती माणूस म्हटला की बाटली आलीच, हा हिंदी पडद्याचा नियम येथेही पाळला आहे. डेव्हिड यांचे श्रेय असे की, त्यांनी त्या साच्यात जिवंत माणूस ओतला. आपण स्वतः वाईट मार्गाने मिळवतो, हे जॉनला कळते, म्हणून मुलांना तो इतक्या कळवळ्याने चांगला मार्ग सांगतो. उपदेश करताना त्याची नजर किंचित शरमलेली असते. चित्रपटाचा शेवट अश्रूंनी भिजवून गोड केला आहे. चाचा मात्र शेवटपर्यंत खरा राहतो. या भूमिकेसाठी डेव्हिडना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६९ साली पद्मश्रीही मिळाली.

‘ज्यूली’ हा के. एस. सेतुमाधवन यांचा १९७५चा चित्रपट. यात अँग्लो-इंडियन घर आहे. बाप आगगाडीचा चालक आणि मद्यपी; थोरली मुलगी लग्नाआधी माता होते; आईचे डोळे सतत इंग्लंडकडे लागलेले. आपल्या समाजाविषयीचे जितके म्हणून समज आहेत, तितके या एका घरात कोंबलेले आहेत. आई मार्गारेट झाली आहे नादिरा. तिचे खरे नाव फ्लॉरेन्स इझिकिएल, जन्म बगदादी ज्यू कुटुंबातला. ‘आन’मधील राजकन्या आणि ‘श्री ४२०’मधील माया करणारी ही अभिनेत्री येथे फ्रॉक घालून मोडके हिंदी बोलते. पण मुलीची अवस्था कळल्यावरचे तिचे वागणे पाहावे. संताप, अब्रूची भीती, आणि त्या दोहोंखालची आईची माया तिने एकामागून एक उलगडून दाखविली आहे. पटकथेने जिला हास्यास्पद करायचे ठरविले होते, तिला नादिराने दुःखाची प्रतिष्ठा दिली. तिलाही फिल्मफेअर पारितोषिक मिळाले ते याच भूमिकेसाठी.

म्हणजे या दोघांच्याही पदरात हा गौरव ख्रिस्ती माणसे रंगवून पडला. त्यांच्या स्वतःच्या घरातली माणसे रंगविण्याची संधी त्यांना कोणी दिली? शब्बाथचा दिवा लावणारी आई, घाणा बंद ठेवून बसलेला तेली लोकप्रिय पडद्यावर क्वचितच आला. आपल्याला निदान साचा तरी मिळाला, मग तो कितीही बेढब असो. त्यांना तोही मिळाला नाही. आणि ज्या बाटलीवाल्या ख्रिस्ती माणसाबद्दल आपण आजवर तक्रार करीत आलो, त्याला माणूसपण देणारे हात त्यांचे होते.

‘बातों बातों में’ मी शेवटी ठेवला आहे, कारण तो मन हलके करतो. बासू चटर्जींचा १९७९चा हा चित्रपट वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत घडतो. येथली माणसे लोकलने कचेरीत जातात, मुलीच्या लग्नाची काळजी करतात, किरकोळ भांडतात. जुळवाजुळव करणारे टॉम अंकल पुन्हा डेव्हिडच आहेत. मुलीची खटपटी आई रोझी झाल्या आहेत पर्ल पदमसी. त्यांचे वडील ख्रिस्ती आणि आई ज्यू. साचा मोडून साधी माणसे दाखविणारा हा चित्रपट आपल्याला आपला वाटतो, आणि त्यातही ते शेजारी हजर आहेत.

या चौघांना जोड म्हणून डॅनी बेन-मोशे यांचा ‘शालोम बॉलीवूड’ (२०१७) हा माहितीपट दाखवावा. मूकपटांची राणी सुलोचना, म्हणजे पुण्याला जन्मलेल्या रूबी मायर्स (आपल्या मराठी सुलोचनादीदी वेगळ्या), पहिल्या मिस इंडिया प्रमिला, म्हणजे एस्थर अब्राहम, तसेच नादिरा आणि डेव्हिड हे सारे त्यात एकत्र भेटतात. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर हेही बेने इस्रायलीच, हे येथे आठवावे. माहितीपटाचा भर या मंडळींच्या झगमगाटावर आहे. त्यांनी कोणाचे चेहरे धारण केले, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तो आपणच विचारला पाहिजे.

भिवंडीत मुसलमान शेजाऱ्यांची वस्ती मोठी. गाझातील बातम्या रोज घराघरांत येत असताना ‘ज्यू’ हा शब्द फलकावर लिहिणे शहाणपणाचे होईल काय, अशी शंका कोणी काढील. शंका खोटी नाही. तेथील मृतांविषयी ज्याला दुःख वाटते, त्याचे दुःख महोत्सवाने झाकू नये. पण ‘यहुदी’चे मूळ नाटक मुसलमान लेखकाचे, त्यातले नायक-नायिका मुसलमान, आणि नादिराला पडद्यावर आणणारे मेहबूब खान मुसलमान, हेही त्याच फलकावर लिहावे. १९८४च्या दंगलीत होरपळलेले हे गाव १९९२-९३ साली मुंबई पेटली असताना मोहल्ला समित्यांच्या बळावर शांत राहिले. एकत्र बसून बोलण्याची सवय येथे नवी नाही.

चेऊलकर या नावात चौल आहे. तेथील रेवदंड्याच्या किल्ल्यात आपल्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत आणि पलीकडे कोर्लईत आपले धर्मबांधव आजही राहतात. एकाच खाडीकाठची ही दोन घरे. पुढच्या वेळी ‘बूट पॉलिश’ लागला की मुलांना जॉन चाचाचे हे आडनाव अवश्य सांगावे. आणि महोत्सव खरोखरच भरलाच, तर पहिले निमंत्रण ठाण्याच्या सिनेगॉगला धाडावे. चार चित्रपट आपण निवडले; पाचवा त्यांनी निवडावा. शुक्रवारी दुपारी मुसलमान शेजाऱ्यांची नमाज, त्या दिवशीच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ज्यूंचा शब्बाथ, रविवारी सकाळी आपल्याकडे मिस्सा. रविवारची संध्याकाळ तेवढी सर्वांना मोकळी आहे.