मुक्तस्रोत फर्मवेअर आणि हाताचे स्वातंत्र्य : 'जीपी२०४०-सीई' या प्रकल्पाची समीक्षा

बीजशब्द : मुक्तस्रोत, फर्मवेअर, सूक्ष्मनियंत्रक, परवाना, मराठी परिभाषा

प्रस्तावना

संगणकीय खेळांची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा खेळातील कथानक, दृश्ये वा हिंसा यांकडे जाते. खेळणाऱ्याच्या हातातील नियंत्रकाचा, म्हणजे गेम कंट्रोलरचा, विचार क्वचितच होतो. वस्तुतः कारखान्यात नियंत्रक घडविताना एक विशिष्ट मानवी हात गृहीत धरलेला असतो : दोन तळहात, दहा बोटे आणि सारखेच चपळ असे दोन अंगठे. ज्याचा हात या गृहीतकात बसत नाही, त्याच्यासाठी खेळ तेथेच संपतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणि सोनीने २०२३ मध्ये दिव्यांग खेळाडूंसाठी स्वतंत्र नियंत्रक बाजारात आणून ही मर्यादा एका परीने मान्यच केली. तथापि नियंत्रकाचे रूप ठरविण्याचा अधिकार कंपनीकडेच राहिला. तो अधिकार वापरणाऱ्याकडे देऊ पाहणाऱ्या 'जीपी२०४०-सीई' या मुक्तस्रोत फर्मवेअरचे मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वरूप व कार्यपद्धती

हे फर्मवेअर आरपी२०४० या सूक्ष्मनियंत्रकावर चालते. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या 'रास्पबेरी पाय पिको' या बोर्डावर हीच चिप असून त्या वेळी बोर्डाची किंमत ४ डॉलर होती. दोन गाभे आणि २६४ किलोबाइट स्मृती एवढीच तिची सामग्री आहे. प्रत्येक बटणाची एक तार बोर्डाच्या पिनेला व दुसरी ग्राउंडला जोडली जाते. बटण दाबताच पिनेवरील व्होल्टेज शून्यावर येते; फर्मवेअर ते वाचते, बटणाच्या कंपनामुळे उमटणारे खोटे संकेत गाळते आणि यूएसबीमार्गे संगणकाला वा खेळयंत्राला कळविते. कोणत्या पिनेला कोणते कार्य द्यावयाचे हे वापरणारा ठरवितो. त्यामुळे एका हाताने, कोपराने वा पायाने चालणारा नियंत्रक घडविणे शक्य होते.

रोहा शहरालगतच्या वरसे गावातील विद्यार्थ्यालाही हे आवाक्याबाहेरचे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली बटणे, एक बोर्ड आणि डाग देण्याची इस्त्री एवढ्यावर काम भागते. शिवाय संकेत वाचणे, खोटा संकेत गाळणे आणि आज्ञा देणे हा क्रम केवळ खेळापुरता नाही. जवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी रासायनिक कारखान्यांतील स्वयंचलित नियंत्रणाचाही पाया तोच आहे.

समीक्षा

या प्रकल्पाचे पहिले बलस्थान त्याची सुलभता होय. बोर्डावरील बटण दाबून तो संगणकाला जोडला की तो साध्या पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यावर एक फाइल टाकली की काम झाले. पुढील सर्व मांडणी ब्राउझरमधील पानावर करता येते. परंतु हीच सुलभता त्याची मर्यादाही ठरते. स्रोत खुला असूनही तो उघडण्याची गरज वापरणाऱ्याला पडत नाही. तो वाचक न होता केवळ पर्याय निवडणारा राहतो.

दुसरा मुद्दा नियमांचा. डावे आणि उजवे बटण एकाच वेळी दाबले तर काय घडावे? दांड्याच्या नियंत्रकात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण दांडा एका वेळी एकाच दिशेला झुकतो. बटणांच्या नियंत्रकात मात्र उत्तर फर्मवेअरला द्यावे लागते : दोन्ही रद्द करावीत, की शेवटचे ग्राह्य धरावे? वरवर तांत्रिक वाटणारी ही निवड वस्तुतः न्याय्य खेळाविषयीची भूमिका आहे. वाल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २'च्या अधिकृत सर्व्हरवर कळफलकांतील अशाच स्वयंचलित सोयीस मनाई केली, यावरून तिचे महत्त्व स्पष्ट होते. खुल्या फर्मवेअरमध्ये हा नियम निदान वाचता येतो आणि त्यावर वाद घालता येतो. बंद नियंत्रकात तो अदृश्य राहतो.

तिसरा मुद्दा सर्वांत कळीचा आहे. प्लेस्टेशन ४ हे यंत्र नियंत्रकाकडे गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी मागते. ती न मिळाल्यास सुमारे ८ मिनिटांनी प्रतिसाद देणे थांबविते. ही किल्ली फर्मवेअरसोबत मिळत नाही. वापरणाऱ्याला ती स्वतः पुरवावी लागते किंवा अधिकृत उपकरण जोडून त्याच्याकरवी उत्तर द्यावे लागते. म्हणजेच हात आपला, बटण आपले, आज्ञावली आपली. दाराची किल्ली मात्र परक्याची. प्रकल्पाचा एमआयटी परवाना बदलण्याची व विकण्याचीही मुभा देतो, पण केलेले बदल प्रसिद्ध करण्याचे बंधन घालत नाही. त्यामुळे खुल्या स्रोतापासून पुन्हा बंद वस्तू निर्माण होऊ शकते. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य आणि व्यवहारात मिळणारे स्वातंत्र्य यांतील हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

निष्कर्ष

'जीपी२०४०-सीई'चे यश नियंत्रक स्वस्त करण्यात नसून 'हात कसा असावा' हा प्रश्न कारखान्यातून घरातील टेबलावर आणण्यात आहे. तो प्रश्न पुढे नेण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर येते. विद्यार्थ्याने तयार फाइल बोर्डावर टाकून न थांबता स्रोत स्वतः संकलित करावा, त्यातील एखादा नियम बदलावा आणि बदलाचे कारण मराठीत लिहून द्यावे, असा प्रात्यक्षिकाचा क्रम ठेवता येईल. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्तस्रोत आज्ञावलींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून ही वाट दाखविली आहे. खेळयंत्राची किल्ली विद्यार्थ्याच्या हाती नाही. भाषेची किल्ली मात्र आहे. ती वापरली गेली नाही, तर स्रोत खुला असूनही वरसेच्या विद्यार्थ्यापुरता तो बंदच राहील.