काळ्या मातीवरचा पांढरा डाग

इन्फ्रारेड छायाचित्रं काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. जुन्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा, अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर काढून तिथे ७२० नॅनोमीटरचा बसवून घेतला की भर उन्हात कॅमेरा हातात धरूनही काम होतं. तिपाई, लेन्सवरचा काळाकुट्ट फिल्टर, कित्येक सेकंदांचं एक्स्पोजर, हे सगळं मागे पडलं. कला मात्र तेवढी पुढे आलेली नाही. शुभ्र झाड, काळं आभाळ आणि संगणकावर लाल-निळ्याची अदलाबदल, इथेच बहुतेक चित्रं थांबतात. रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी झाडं दाखवली तेव्हा तो शोध होता. रिचर्ड मॉस यांनी २०१३ च्या व्हेनिस बिएनालेत काँगोतलं युद्ध कोडॅकच्या एरोक्रोम फिल्मवर गुलाबी रंगात मांडलं, त्यालाही कारण होतं. झाडीत दडवलेली लष्करी ठाणी हुडकायला तसलीच फिल्म वापरली जात असे.

वाशिम जिल्ह्यात असं कारण शेतातच उभं आहे. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघतं आणि तूर एकटी उरते. हिरवं पान अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतं, काळी माती त्यातला बराच शोषून घेते. त्यामुळे साध्या फोटोत मळकट दिसणारं शेत इथे काळ्या-पांढऱ्या तासांनी आखल्यासारखं दिसतं. एकबुर्जी जलाशयाचं पाणी काळंभोर होतं. चैत्रात साग उघडा पडतो, तेव्हा नव्या पालवीचा कडुनिंब तेवढा उजळून निघतो. १९८८ साली अवकाशात गेलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही निकट-अवरक्त पट्टा होता, कारण पिकाची तब्येत त्यात चांगली कळते. तेच शेत धुऱ्यावर उभं राहून पाहण्याचं काम छायाचित्रकारांचं आहे.

लेन्सची परीक्षाही याच शेतात होते. इन्फ्रारेडमधला मोठा दोष म्हणजे हॉटस्पॉट, चित्राच्या मधोमध उमटणारा फिकट गोल डाग. लेन्सवरचं कोटिंग दृश्य प्रकाशासाठी बेतलेलं असतं. अवरक्त प्रकाश काचांमध्ये आणि सेन्सरवरून मागेपुढे परावर्तित होत राहतो. नळीच्या आतला काळा रंगही डोळ्यांपुरताच काळा असू शकतो. पांढऱ्या झाडांच्या गर्दीत हा डाग लपून जातो. काळ्या रानात किंवा तळ्याच्या पाण्यावर तो लगेच डोळ्यांत भरतो. ॲपर्चर बारीक करावं तशी त्याची कड स्पष्ट होत जाते, म्हणून एफ/४ वर पास झालेली लेन्स एफ/११ वर नापास होते. किंमत इथे कामी येत नाही. महागड्या लेन्समध्ये डाग येतो आणि कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी झूम बिनडाग निघते, असं सर्रास घडतं. कोणत्या लेन्समध्ये डाग येतो याच्या याद्या पाहाव्यात, पण त्यांच्यावर विसंबून पैसे मोजू नयेत. तीच लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर, दुसऱ्या फिल्टरमागे वेगळी वागते.

बारीक ॲपर्चरचा आणखी एक तोटा आहे. तरंगलांबी जास्त म्हणून विवर्तनही जास्त. ७२० नॅनोमीटरला एफ/८ वर जेवढा तपशील विरघळतो, तेवढा हिरव्या प्रकाशात साधारण एफ/१०.५ ला विरघळतो. तुरीची बारीक पानं सुटी दिसायला हवी असतील तर एफ/५.६ ते एफ/८ च्या पलीकडे जाऊ नये.

फोकसची चिंता मात्र बरीच मिटली आहे. अवरक्त प्रकाशाचा फोकस दृश्य प्रकाशापेक्षा थोडा वेगळा पडतो, म्हणून जुन्या मॅन्युअल लेन्सवर इन्फ्रारेडसाठी वेगळी लाल खूण असे. मिररलेसवर किंवा लाइव्ह व्ह्यूमध्ये सेन्सरच फोकस ठरवतो.

राहिला फोकल लेंग्थचा प्रश्न. अतिवाइड लेन्सचा हव्यास मला खटकतो. त्यात नाट्यमय आभाळच फ्रेम खाऊन टाकतं आणि शेत तळाशी पट्टीएवढं उरतं. तासांची लय पकडायची तर ५० ते ८५ मिलिमीटर बरी.

विदर्भातल्या छायाचित्रकारांना एकच सांगणं आहे. लेन्स विकत घेण्याआधी मित्राकडून उसनी आणा, सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरावर रोखा, एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत एकेक फोटो काढा आणि मधला भाग नीट पाहा. तुरीची पानं गळायच्या आत हे उरका.