सति, स्मृती आणि सती

पालि शब्दाच्या जागी त्याचे संस्कृत रूप ठेवले की भाषांतर झाले, अशी समजूत आपल्याकडील अनेक मराठी अनुवादांतून दिसते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात चूक नाही. 'झान' ध्यै धातूकडे जाते, 'सति' स्मृ धातूकडे. परंतु धातू एक असला म्हणून अर्थही एकच राहतो, हे आम्हांस मान्य नाही.

'सति'चेच पाहू. संयुत्तनिकायात सतिन्द्रियाचे वर्णन करताना पूर्वी केलेले व बोललेले आठवणे हा अर्थ येतो खरा. पण सतिपट्ठान सुत्तातील भिक्खू गतकाळ आठवीत बसलेला नाही. श्वास घेताना तो श्वास जाणतो, चालताना चालणे जाणतो. ही जागरूकता 'स्मृती' या शब्दातून आमच्या वाचकापर्यंत पोहोचत नाही. त्याला आठवण तरी दिसते, नाहीतर २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळलेला ग्रंथ. बरे, मूळ शब्दच ठेवावा, तर अन्त्य इकार दीर्घ लिहिण्याचा मराठी नियम आडवा येतो आणि छापखान्यातून 'सति'ची 'सती' होऊन बाहेर पडते!

'वेदना' याहून फसवी आहे. विद् धातूपासून आलेला हा शब्द पालित सुखद, दुःखद आणि असुख-अदुःख अशा तिन्ही अनुभवांना लागू पडतो. मराठीत मात्र वेदना म्हणजे दुखणेच. 'सुखा वेदना' वाचून उपासक गोंधळला, तर दोष त्याचा नाही. 'भावना' हे भू धातूचे प्रयोजक रूप; मेत्ताभावना म्हणजे मैत्रीचा उमाळा नव्हे, मैत्री वाढविण्याचा अभ्यास होय. 'समाधी'विषयी काय बोलावे? मराठीत ती बांधतात.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात 'झान' शब्द दोन प्रकारे उलगडला आहे : आलंबनाचे निरीक्षण करणारे, आणि विरोधी धर्मांना जाळणारे. दुसरी उकल व्याकरणाला पटणार नाही, कारण जळण्याचा 'झायति' क्षै धातूचा आहे. तथापि साधकाला तीच अधिक उपयोगी, असे आमचे मत आहे. 'ध्यान' लिहिताच हा जाळ विझतो.

'सम्यक स्मृती' आता लोकांच्या मुखी रुळली आहे, तिला हात लावू नये. मात्र सुत्तांच्या अनुवादात 'सति' ऱ्हस्वच छापावी, प्रथम येईल तेथे तिचा अर्थ द्यावा, आणि 'वेदना'ऐवजी 'संवेदना' योजावी, एवढी आमची अनुवादकांना विनंती आहे.