टोपलीभर माती आणि अनुच्छेद ३२ : छत्तीसगढमधील काही संहितांचे तौलनिक वाचन

मूलभूत हक्कांचा विचार आजवर प्रामुख्याने विधिशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या कक्षेत झाला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्या कक्षेत का शिरावे, हा प्रश्न म्हणूनच स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर असे देता येईल : नागरिकाच्या बोलण्या-लिहिण्यावरून त्याच्यावर खटला भरला जातो, तेव्हा राज्यसंस्था वाचकाची भूमिका घेत असते. ती संहिता निवडते, तिचे भाषांतर करवून घेते, तिचा अर्थ लावते आणि त्या अर्थावरून शिक्षा मागते. अशा वाचकावर कोणते बंधन असावे, हा घटनेचा प्रश्न आहे. पण तो अर्थनिर्णयनाचाही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात छत्तीसगढशी निगडित काही संहिता एकत्र ठेवून हा प्रश्न तपासला आहे. त्यांत एक कथा आहे, दोन खटले आहेत आणि एक न्यायनिर्णय आहे.

छत्तीसगढची निवड केवळ सोयीची नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या प्रदेशाचा मराठीशी संबंध आहे आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर त्यातून एक द्विभाषिक लेखकवर्ग उभा राहिला. दुसऱ्या बाजूला, दुर्ग जिल्ह्यातील भिलाई-अहिवारा पट्ट्यात स्वातंत्र्योत्तर राज्यसंस्थेचे सर्वांत ठळक रूप दिसते. सोव्हिएत साहाय्याने उभारलेला भिलाईचा पोलाद कारखाना, त्याला चुनखडी पुरवणारी अहिवाऱ्याजवळची नंदिनी खाण, आणि लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणी. येथे राज्यसंस्था मालक, पोषणकर्ती आणि दंडधारी अशा तिन्ही रूपांत नागरिकासमोर येते. तिच्यापासून संरक्षण मागायचे तर ते कोणाकडे, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

पहिली संहिता माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदी कथा. मातृभाषा मराठी असलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले आणि १९०१ मध्ये त्यात ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात तिचा उल्लेख नेहमी होतो. त्या वादामुळे तिच्या आशयाकडे काहीसे दुर्लक्षच झाले. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे आहे. आड येते ती एका अनाथ विधवेची झोपडी. ती हटत नाही, म्हणून तो वकिलांना हाताशी धरून न्यायालयामार्फत झोपडीचा ताबा मिळवतो. पुढे ती म्हातारी नातीसाठी चूल घालायला टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याच्याने टोपली उचलत नाही. एवढीशी माती पेलवत नसेल तर साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे ती विचारते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि झोपडी परत मिळते.

बोधकथेच्या या घडणीत एक तपशील निर्णायक आहे. अन्याय कायदा मोडून झालेला नाही. तो न्यायालयाच्याच मार्गाने झालेला आहे. म्हणून विधवेपुढे दुसरा कोणताही दरवाजा उरत नाही. उरते ती सत्ताधाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी, आणि तिला स्पर्श करणारे वाक्चातुर्य. कथेचा शेवट सुखद आहे, पण तो हक्काचा नाही, कृपेचा आहे. जमीनदाराचे मन द्रवले नसते तर कथेतील जगात अपील करायला जागाच नव्हती. कथेची ही मर्यादा लेखकाची नसून काळाची होती, हे सप्र्यांच्या पुढील आयुष्याने दाखवून दिले.

१९०७ मध्ये सप्र्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' सुरू केला. टिळकांच्या 'केसरी'तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा उद्देश होता. १९०८ मध्ये टिळकांवर 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांबद्दल मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. त्याच वर्षी सप्र्यांनाही नागपुरात भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ खाली अटक झाली. मूळ लेखक आणि त्याचा विचार दुसऱ्या भाषेत नेणारा, दोघेही एकाच कलमाच्या कचाट्यात सापडले. टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. सप्रे माफी लिहून देऊन सुटले. चरित्रकारांनी या माफीची चर्चा बहुधा धैर्य-अधैर्याच्या भाषेत केली आहे. ती भाषा येथे अपुरी पडते. तत्कालीन व्यवस्थेत शिक्षा भोगणे किंवा क्षमा मागणे एवढेच दोन पर्याय होते. दोन्ही पर्यायांत राज्यसंस्थेने लावलेला अर्थ तसाच कायम राहत होता. 'तुमचे वाचन चुकीचे आहे' असे म्हणून ते रद्द करवून घेण्याचा तिसरा मार्ग व्यवहारात बंद होता. सप्रे पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' या ग्रंथांच्या हिंदी अनुवादाकडे वळले. मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेलेला ग्रंथ माफी मागून सुटलेल्या सहकाऱ्याने हिंदीत आणावा, हा भाषांतराच्या इतिहासातील एक विलक्षण योग मानावा लागेल.

तिसरा मार्ग बंद होता याचे कारण कलमाच्या शब्दांइतकेच त्याच्या वाचनपद्धतीतही होते. १८९७ च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'डिसअफेक्शन' या शब्दाची फोड करून प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ ज्युरीपुढे मांडला होता. व्याकरणातील एका नकारात्मक उपसर्गावर गुन्हा उभा राहिला. भावनेचा अभाव हाच अपराध ठरला, की लेखनाचा परिणाम सिद्ध करण्याची गरज उरत नाही. वाचकाला तसे वाटले एवढे पुरते. १९०८ च्या खटल्यात त्यात भाषांतराची भर पडली. टिळकांचे मराठी अग्रलेख इंग्रजी अनुवादातून न्यायालयापुढे आले. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि सात विरुद्ध दोन अशा बहुमताने टिळक दोषी ठरले. आपल्या प्रदीर्घ भाषणात टिळकांनी सरकारी अनुवादातील शब्दयोजनेवर बारकाईने आक्षेप घेतले. ते भाषण राजकीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून वाचले जाते. भाषांतरमीमांसा म्हणूनही ते वाचले गेले पाहिजे. मूळ संहितेला साक्षीदार म्हणून उभे करण्याचा तो प्रयत्न होता.

घटनेने या वाचकाच्या अधिकारात कोणता बदल केला? संविधानसभेत १ डिसेंबर १९४८ रोजी कन्हैयालाल मुन्शी यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीतून 'राजद्रोह' हा शब्द वगळण्याचा आग्रह धरला आणि तो शब्द अनुच्छेद १९ मधून गेला. त्याच महिन्याच्या ९ तारखेला डॉ. आंबेडकरांनी घटनात्मक उपाययोजनेच्या अनुच्छेदाला, म्हणजे आजच्या अनुच्छेद ३२ ला, घटनेचे हृदय आणि आत्मा म्हटले. तथापि दंडसंहितेतील कलम राहिलेच. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवताना त्याचे वाचन बदलले : हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू अथवा प्रवृत्ती असल्याखेरीज केवळ कठोर टीका राजद्रोह होत नाही. वाचनाचा भर भावनेवरून परिणामाकडे सरकला. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर, लेखकाचे अंतःकरण शोधणाऱ्या वाचकाला संहितेचा संदर्भ आणि तिचे कार्य पाहण्यास भाग पाडले गेले.

हे संरक्षण अभंग नव्हते. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचा दरवाजाच बंद केला. एकटे न्यायमूर्ती हं. रा. खन्ना विरोधात राहिले. २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने ते बहुमत रद्द ठरवले. मधली एक्केचाळीस वर्षे मात्र परत येत नाहीत.

भिलाई पट्ट्यातील कामगार चळवळीने हा दरवाजा ठोठावून पाहिला. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ मुक्ती मोर्चाने खाणकामगार आणि कंत्राटी कामगार यांना संघटित केले. नियोगींच्या वाट्याला अनेकवार अटक आली, आणि २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना त्यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात अनेक जण मरण पावले. याच चळवळीतून दल्ली-राजहरात कामगारांचे शहीद रुग्णालय उभे राहिले आणि तेथे काम केलेल्या डॉ. बिनायक सेन यांच्यावर पुढे राजद्रोहाचा खटला झाला.

सेन यांना १४ मे २००७ रोजी अटक झाली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. २४ डिसेंबर २०१० रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना राजद्रोहाबद्दल जन्मठेप सुनावली आणि १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जामीन मंजूर केला. या खटल्यातील पुरावा मोठ्या प्रमाणात वाचनाचा होता : पत्रे, पत्रके, पुस्तके. सुनावणीत एका ई-पत्रातील 'आय.एस.आय.' ही अक्षरे पाकिस्तानी गुप्तचर यंत्रणेकडे निर्देश करतात, असे सुचवले गेले. प्रत्यक्षात ती दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटची होती. एखाद्या संक्षेपाचा अर्थ संदर्भावाचून लावला की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे अवघड. जामिनाच्या सुनावणीत न्यायपीठाने केलेली तोंडी टिप्पणीही लक्षणीय आहे. एखाद्याच्या घरी गांधींचे आत्मचरित्र सापडले म्हणून तो गांधीवादी ठरतो का, अशा आशयाचा तो प्रश्न होता. पुस्तक बाळगणे, ते वाचणे आणि त्यातील मत स्वीकारणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत, हे वाचनशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे स्वातंत्र्याची अट बनले. सप्र्यांना न मिळालेला तिसरा मार्ग सेन यांना मिळाला. पण तो तुरुंगातील प्रदीर्घ काळानंतर. संरक्षणाचा विलंब हा हक्काच्या आशयाचाच भाग मानला पाहिजे.

त्याच वर्षी, ५ जुलै २०११ रोजी, नंदिनी सुंदर आणि इतर यांनी अनुच्छेद ३२ खाली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. माओवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांना अल्प मानधनावर विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देणे अनुच्छेद १४ आणि २१ यांचा भंग करते, असे न्यायालयाने ठरवले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या निर्णयाचा आरंभ थांबवतो, कारण त्यात जोसेफ कॉनरॅडच्या काँगोवरील कादंबरिकेचा संदर्भ आहे. नैसर्गिक संपत्तीची लूट आणि निरंकुश सत्ता यांचे नाते दाखवण्यासाठी तो योजला आहे आणि त्या हेतूपुरता समर्पकही आहे. परंतु चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात याच कृतीवर घेतलेला आक्षेप येथेही लागू पडतो. कॉनरॅडच्या कृतीत आफ्रिका ही युरोपीय मनाच्या पडझडीची पार्श्वभूमी ठरते. तेथील माणसाला वाणी नसते. निर्णयाने आदिवासींना हक्कांचा धनी मानले, मात्र त्यांच्या दुःखाचे रूपक बाहेरून आणले. दंडकारण्याच्या अंधाराचे वर्णन करायला दूरची कादंबरी हाताशी असते. शंभर वर्षांपूर्वी छत्तीसगढच्याच भूमीवर लिहिलेली टोपलीभर मातीची कथा नसते. जमीन कायद्याच्याच मार्गाने कशी जाते, हे त्या कथेने आधीच सांगितले होते.

हा विचार इतिहासजमा झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये कलम १२४-अ स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. कलम १५२ मध्ये देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका, अशी शब्दयोजना आहे. छत्तीसगढचा विशेष जनसुरक्षा कायदा २००५ चा. तशाच नावाचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संमत केले. छत्तीसगढच्या कायद्यात लेखी वा तोंडी शब्द, चिन्हे आणि दृश्य चित्रणे ही सारी 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत येऊ शकतात. संहितेची व्याख्या एवढी विस्तारली की वाचकाच्या शिस्तीचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो.

येथे तौलनिक अभ्यासकाला प्रत्यक्ष काम आहे. बस्तरमधील साक्षीदार गोंडी किंवा हलबीत बोलतो, जबाब हिंदीत नोंदला जातो आणि सर्वोच्च न्यायालयातील निर्णय इंग्रजीत लिहिला जातो. १९०८ मध्ये टिळकांनी सरकारी अनुवादावर जो आक्षेप घेतला, तो घेण्याइतकी इंग्रजी आणि तेवढा वेळ त्यांच्यापाशी होता. ज्याच्यापाशी दोन्ही नाही, त्याच्या जबाबातील प्रत्येक शब्द दोन भाषांतरांतून कसा बदलत गेला, हे तपासण्याची साधने मात्र आपल्या विद्याशाखेपाशी आहेत. खटल्यांचे कागद त्या दृष्टीने अद्याप फारसे वाचले गेलेले नाहीत.